यहुदी धर्माशी ओळख करून घ्यायची तर आधी पंचांग उघडा

कुठलाही धर्म समजून घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, 'यांचा देव कोण आणि हे मानतात काय?' यहुदी धर्माच्या बाबतीत या प्रश्नाने सुरुवात केली की गाडी लवकरच अडते. देव एक आहे, तो निराकार आहे, हे उत्तर एका ओळीत संपतं, आणि मग पुढे काय विचारावं ते कळत नाही. त्यापेक्षा 'हे लोक काय करतात आणि कधी करतात?' असं विचारा. मग दाराच्या चौकटीपासून मटणाच्या पातेल्यापर्यंत सगळं बोलायला लागतं. म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा आहे. आधी आठवडा, मग वर्ष, मग स्वयंपाकघर. ग्रंथ, इतिहास आणि तत्त्वज्ञान त्यानंतर.

पहिली पायरी : शुक्रवारची संध्याकाळ

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शनिवारचा शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. साधारण पंचवीस तास. सगळे सण एका बाजूला ठेवले तरी चालतील, पण शब्बाथ कळला नाही तर यहुदी धर्म कळला असं म्हणता येणार नाही. सण वर्षातून एकदा येतात, हा दर आठवड्याला येतो.

बऱ्याच ठिकाणी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी घरातली बाई दिवे लावते. दिवे लावल्यावर ती डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणते. मग जेवणाआधी घरातला एक जण द्राक्षारसाचा प्याला हातात घेऊन किद्दुश ही आशीर्वादाची प्रार्थना म्हणतो. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या जुन्या यहुदी, घरांमध्ये काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं शरबत या प्याल्यात असतं. टेबलावर कापडाखाली झाकलेले दोन पाव असतात. मिसरमधून (इजिप्तमधून) सुटलेल्या पूर्वजांसाठी वाळवंटात आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडायचं, ते शुक्रवारी दुप्पट पडायचं, त्याची ही आठवण. पाव मिठाला लावून वाटला जातो आणि जेवण सुरू होतं.

आता 'काम करायचं नाही' म्हणजे नेमकं काय? इथे नवखा माणूस फसतो. थकवणारं काम बंद, असा हा नियम नाही. परंपरेने कामाचे 39 प्रकार ठरवले आहेत : पेरणं, कापणं, दळणं, भाजणं, विणणं, गाठ मारणं, लिहिणं, आग पेटवणं, विझवणं, घरातली वस्तू रस्त्यावर नेणं वगैरे. वाळवंटात उभारलेल्या पवित्र मंडपासाठी जी जी कामं लागली, त्यांवरून ही यादी बनली. म्हणून जड टेबल घरातल्या घरात सरकवलेलं चालतं, पण चिठ्ठीवर एक शब्द लिहिलेला चालत नाही. विजेचं बटण दाबणंही कडक पाळणाऱ्या घरांत वर्ज्य आहे. दिवे आधीच लावलेले किंवा टायमरवर असतात, जेवण मंद आचेवर आदल्या दिवशीच चढवलेलं असतं.

अशा घरी जेवायचं बोलावणं आलं तर काय करायचं? वेळेवर जा, म्हणजे सूर्यास्ताच्या आत. पोचायला उशीर होत असेल तर फोन करू नका, कोणी उचलणार नाही. बेल वाजवण्याऐवजी दार ठोठवा. न्हाणीघरातून बाहेर येताना सवयीने दिवा बंद करू नका. तो रात्रभर पुन्हा कोणी लावणार नाही. भेट म्हणून अख्खी फळं न्या. घरचा केक, वाइन, हॉटेलातलं काही नको. खाण्याचे नियम पुढे येतीलच. मिठाईचं किंवा शुभेच्छांचं काही देत असाल आणि त्यावर स्वस्तिक छापलेलं असेल, तर वेष्टन बदला. मुंबईच्या यहुद्यांना आपलं स्वस्तिक ठाऊक आहे, पण परदेशातल्या यहुदी घरात त्या चिन्हाने पहिली आठवण नाझींचीच येते. आत शिरताना 'शब्बात शालोम' म्हणा.

दुसरी पायरी : वर्ष

मराठी माणसाला यहुदी पंचांग समजायला दहा मिनिटं पुरतात. महिने चांद्र, अमावास्येनंतर सुरू होणारे, म्हणजे आपल्या अमान्त पद्धतीसारखेच. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतं. ती तूट भरायला आपण अधिक मास धरतो, तसा तेही धरतात : 19 वर्षांत 7 वेळा. फरक एवढाच की आपला अधिक मास कुठल्या महिन्याला लागेल ते संक्रांतीवर ठरतं; त्यांच्याकडे नेहमी अदार हाच महिना दुप्पट होतो.

याचा परिणाम असा की त्यांचे मोठे सण आपल्या पौर्णिमांना चिकटलेले दिसतात. पुरीम (संहारातून वाचल्याचा सण) बहुतेकदा होळीच्या आसपास, पेसाह (गुलामीतून सुटकेचा सण) चैत्री पौर्णिमेच्या आसपास, सुक्कोत (मांडवांचा सण) कोजागिरीच्या आसपास. 2025 साली कोजागिरी 6 ऑक्टोबरला होती आणि त्याच संध्याकाळी सुक्कोत लागला. 2026 मध्ये मात्र आपल्याकडे अधिक ज्येष्ठ, आणि त्यांचा जादा अदार 2027च्या सुरुवातीला; त्यामुळे त्या वर्षी सुक्कोत कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी पुरीमला 'होळीचा सण' म्हटलं ते उगाच नाही.

नवं वर्ष रोश हाशाना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतं. शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात. इसवी सनात 3760 मिळवले की यहुदी साल मिळतं, पण रोश हाशानानंतर 3761 मिळवायचे. 2025च्या सप्टेंबरात 5786 लागलं. नव्या वर्षाच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर : सुमारे पंचवीस तासांचा कडक निर्जळी उपास आणि दिवसभर प्रार्थना. देवाविरुद्ध केलेल्या चुकांना या दिवशी माफी मिळते. माणसाचं वाईट केलं असेल तर आधी त्या माणसाकडे जाऊन क्षमा मागावी लागते, त्याला दुसरा मार्ग नाही. जुने कोकणी यहुदी या दिवसाला 'दरफाळणी' म्हणायचे, कारण दारं लावून लोक घरातच राहायचे.

हानुक्का हा हिवाळ्यातला आठ दिव्यांचा सण परदेशात फार दिसतो, कारण तो नाताळाच्या जवळ येतो. धार्मिक दृष्ट्या तो तुलनेने धाकटा आहे. त्याला 'ज्यूंची दिवाळी' म्हणायचा मोह आवरा.

एकाच सणावर वेळ घालवायचा असेल तर पेसाहवर घाला. मिसरच्या गुलामीतून सुटका झाली तेव्हा पीठ आंबायला वेळ मिळाला नाही, म्हणून या सणात गहू, जव अशा पाच धान्यांपासून आंबवलेलं काहीही घरात ठेवत नाहीत. कपाटं, खिसे, मुलांची दप्तरं झाडून काढतात. पाणी पिठाला लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजून झालेली बिनखमिराची मात्सा तेवढी चालते. भाताबद्दल मतभेद आहेत : युरोपातल्या अश्केनाजी परंपरेत तांदूळ आणि कडधान्यंही टाळतात, स्पेनकडून आलेल्या सेफार्दी परंपरेत भात चालतो. सणाच्या रात्री सेदेर नावाचं लांबलचक जेवण असतं. चार प्याले द्राक्षारस, कडू पाला, अश्रूंची आठवण म्हणून मिठाचं पाणी. आणि घरातलं सर्वांत लहान मूल विचारतं : आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच हग्गादा ही पोथी. ती मराठीतही आहे. मुंबईत 1846 साली हिब्रू मजकुरासोबत मराठी भाषांतराची हग्गादा शिळाछापावर निघाली, पुण्यात 1874 साली दुसरी. पुण्याच्या हग्गादातल्या चित्रात मात्सा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत.

तिसरी पायरी : स्वयंपाकघर

नियम थोडक्यात असे. चतुष्पादांपैकी दुभंगलेला खूर असलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो : बकरा, मेंढी, गाय. डुक्कर चालत नाही. मासा असेल तर त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. कोकणी माणसासाठी हा नियम काळजाला हात घालणारा आहे, कारण पापलेट, रावस, बांगडा राहतात, पण कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं, मुशी सगळं ताटाबाहेर जातं. शेकडो वर्षं रायगडच्या किनाऱ्यावर राहून बेने इस्राएलांनी ते पाळलं.

रक्त पूर्ण वर्ज्य. जनावर ठरलेल्या पद्धतीने कापायचं, मग मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचं, जाड मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर निथळत ठेवायचं आणि नीट धुवायचं. आधुनिक शहरात हे खाटकाकडूनच होऊन येतं, पण लहान समाजात ते घरीच करावं लागे.

मांस आणि दूध एकत्र नाही. एका जेवणात नाही, एका भांड्यातही नाही. काटेकोर घरांत दोन वेगळे भांड्यांचे संच असतात. त्यामुळे मटण झाल्यावर दुधाचा चहा मिळणार नाही. कित्येक घरांत मधे सहा तास जाऊ देतात. दह्यात मुरवलेलं चिकन नाही, मटणाच्या जेवणावर खीरही नाही. आपल्याकडच्या यहुदी बायकांनी यावर नारळाच्या दुधाने मात केली आणि मला वाटतं चवीत काही गमावलं नाही. शुद्ध शाकाहारी माणसाला अशा घरी जेवणं सोपं जातं, पण त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावताना 'आम्ही शाकाहारी आहोत' एवढं सांगणं प्रत्येकाला पुरेसं नसतं. सरळ विचारा, ते सरळ सांगतात. यात संकोच कोणालाच नसतो.

चौथी पायरी : ग्रंथ

गाभा म्हणजे तोरा : मोशेची (मोझेसची) पाच पुस्तकं. त्यांना संदेष्ट्यांची पुस्तकं आणि इतर लेखन जोडलं की तनाख होतो. ख्रिस्ती लोक याच ग्रंथांना 'जुना करार' म्हणतात. यहुदी माणसासमोर तो शब्द टाळा, त्याच्यासाठी नवा करार झालेलाच नाही.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, तोरा चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते. 3,04,805 अक्षरं. एक अक्षर चुकलं किंवा तुटलं तर ती दुरुस्त होईपर्यंत वाचनासाठी वापरत नाहीत. वाचताना अक्षरांना बोट लावायचं नाही, चांदीची छोटी हाताच्या आकाराची काडी वापरायची. दर शब्बाथला एक भाग, असं करत वर्षात पाचही पुस्तकं पूर्ण होतात आणि शेवटची ओळ वाचल्यावर त्याच दिवशी पहिली ओळ पुन्हा सुरू होते.

दुसरा खांब म्हणजे तालमूद. इसवी सन 200च्या सुमारास यहूदा हानासी यांनी तोंडी परंपरा मिश्ना म्हणून संकलित केली. तिच्यावर पुढच्या काही शतकांत बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) विद्वानांनी केलेली चर्चा म्हणजे गेमारा. दोन्ही मिळून तालमूद. छापील पानाच्या मधोमध मूळ मजकूर, एका कडेला राशी या अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या विद्वानाचं भाष्य, दुसऱ्या कडेला त्याच्या शिष्यपरंपरेचे आक्षेप. ज्याने मूळ, टीका आणि टिप्पणी असं एखादं शास्त्रीय पुस्तक हाताळलं आहे त्याला हे पान ओळखीचं वाटेल. महत्त्वाचं हे की हरलेलं मतही पानावरून पुसत नाहीत. हिल्लेल आणि शम्माई या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यपरंपरांचे वाद झाले, निकाल बहुतेक वेळा हिल्लेलकडे लागला, तरी शम्माईचं म्हणणं आजही शिकवलं जातं. 1923 पासून जगभर लोक रोज एक पान वाचतात. 2711 पानं व्हायला सुमारे साडेसात वर्षं लागतात.

पाचवी पायरी : इतिहास, आणि त्यातल्या दोन तारखा

मूळपुरुष अब्राहाम, इसहाक, याकोब. मिसरची गुलामी, मोशे, सीनाय पर्वत. दावीद राजा, शलमोनाचं मंदिर. ही कथा वाचाच, पण इतिहासाची चौकट पकडायला दोन घटना पुरेत. इसवी सन पूर्व 586 मध्ये बाबेलच्या लोकांनी यरुशलेमचं पहिलं मंदिर पाडलं आणि लोकांना हद्दपार केलं. पुढे इराणचा सम्राट कोरेश (सायरस) याने परत येऊ दिलं, दुसरं मंदिर उभं राहिलं. ते रोमनांनी इसवी सन 70 मध्ये जाळलं.

दुसऱ्या घटनेनंतर हा धर्म संपायला हवा होता. उपासनेचा गाभा मंदिरातले यज्ञ, ते कुलपरंपरेचे पुरोहित चालवायचे, आणि मंदिरच राहिलं नाही. मग विद्वानांनी, म्हणजे रब्बींनी, बळीच्या जागी प्रार्थना आणली, वेदीचा मान घरातल्या जेवणाच्या टेबलाला दिला, आणि पुरोहिताच्या जागी शिकलेला माणूस आला. शब्बाथच्या पावाला मीठ लावतात तेही मंदिरातल्या अर्पणाला मीठ लागायचं म्हणून. आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो तो मुख्यतः या फेरमांडणीतून आलेला आहे.

पुढचं वेगाने : 1492 मध्ये स्पेनमधून हकालपट्टी, अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसिदी भक्तिपंथ, एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रिफॉर्म चळवळ, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेली सुमारे 60 लाख यहुद्यांची हत्या, 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र. आज जगात सुमारे दीड कोटी यहुदी, त्यांतले बहुसंख्य इस्राएल आणि अमेरिकेत. ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म असे प्रवाह आहेत आणि 'यहुदी कोण' यावरही त्यांचं एकमत नाही. परंपरेने आई यहुदी तर मूल यहुदी.

श्रद्धेबद्दल थोडं

'शेमा इस्राएल' ही रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायची प्रार्थना : हे इस्राएल, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच. दाराच्या उजव्या चौकटीवर जी तिरकी डबी दिसते, मेझुझा, तिच्यात हाच मजकूर असतो. बाराव्या शतकात मायमोनिदीस या विद्वानाने श्रद्धेची 13 तत्त्वं मांडली, पण ती कबूल केली म्हणजे कोणी यहुदी होत नाही आणि शंका घेतली म्हणून कोणी बाहेर जात नाही. भार आहे तो 613 आज्ञांवर, म्हणजे करण्यावर. मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा उद्धारकर्ता, अजून यायचा आहे. मृत्यूनंतर काय, यावर मतं आहेत पण त्यावर फार भर नाही. 'देवाने निवडलेले लोक' याचा अर्थ इतरांपेक्षा श्रेष्ठ असा घेऊ नका. जास्त आज्ञांचं ओझं उचललेले, असा तो अर्थ आहे. धर्मप्रसार करत नाहीत. धर्मांतर करायला आलेल्याला परंपरेने आधी परतच लावतात.

सहावी पायरी : अलिबागला जा

मराठी वाचकाला हे सगळं पाहायला दूर जायला नको. बेने इस्राएल लोकांची आख्यायिका अशी की अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची दफनभूमी नवगावला आहे. वाचलेल्यांचे वंशज कोकणात पसरले, तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. पोथ्या बुडाल्या होत्या. उरलं होतं ते शब्बाथ, सुंता, माशांचा नियम आणि शेमा. तेवढ्या आचारावरून पुढे बाहेरच्या यहुद्यांनी त्यांना ओळखलं, असं परंपरा सांगते. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावं गावांवरूनच आली.

मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये शार हारहमीम सिनेगॉग बांधलं. ते टिपूच्या कैदेतून सुटून आले होते आणि हा नवस फेडला, अशी कथा आहे. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोत 1848 चं. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल दावीद, आणि काळा घोड्याजवळचं केनेसेत एलियाहू ही बगदादहून आलेल्या ससून घराण्याची बांधकामं. तो वेगळा समाज.

बेने इस्राएलांची खास प्रथा म्हणजे मलिदा : भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर, वर फळं आणि खजूर, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने गाणी. लग्न ठरलं, नवस फेडला, नवं घर घेतलं की मलिदा. हे जगातल्या दुसऱ्या कुठल्या यहुदी समाजात या रूपात सापडत नाही. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे त्यांच्या विवाहांवर धर्मपीठाने शंका काढली; आंदोलनं झाली आणि 1964 मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य करावं लागलं. ज्यांनी दोन हजार वर्षं कोणी पाहत नसतानाही कोळंबी टाळली, असं ज्यांची परंपरा सांगते, त्यांच्याकडे पुरावा मागायचा हे मला आजही खटकतं. महाराष्ट्राने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

सिनेगॉगला जाताना आधी परवानगी घ्या आणि ओळखपत्र ठेवा. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाल्यापासून सुरक्षा कडक आहे. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमालही चालतो. पारंपरिक सिनेगॉगमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी असते. मूर्ती, चित्र काही नसतं. यरुशलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे कपाट असतं, त्याला हेखाल म्हणतात, त्यात तोरा. जवळ अखंड दिवा. पुजारी नाही, प्रार्थना म्हणणारा हजान असतो, आणि सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये आता दहा जमवणं हीच अडचण आहे. शब्बाथला गेलात तर फोटो, फोन, वहीत टिपणं, काही नाही. दफनभूमीत गेलात तर कबरीवर फुलं नव्हे, खडा ठेवतात, आणि बाहेर पडताना हात धुतात. तिथल्या दगडांवर हिब्रूखाली मराठी कोरलेलं वाचता येतं.

वाचायला काय घ्यावं

मराठी बायबलमधलं 'उत्पत्ति' आणि 'निर्गम' सलग वाचा. 'लेवीय' सुरू झालं की यज्ञांचे तपशील आणि त्वचारोगांची प्रकरणं येतात. तिथे बहुतेक जण पुस्तक मिटतात. मिटू नका, सरळ एकोणिसाव्या अध्यायावर जा. शेताचा कोपरा गरिबांसाठी न कापता ठेवा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकू नका, असं सगळं तिथे एकाच दमात आहे. मग 'अनुवाद' हे पाचवं पुस्तक वाचा, शेमा तिथेच सापडेल. मागे राहिलेलं 'लेवीय' एखादा शब्बाथ पाहून झाल्यावर उघडा.